आयसीयूतल्या पेशंटवर संशोधन: घरच्यांना विचारावं की नाही?

शनिवारपेठकर
ओळखीतल्या एका घरी यावरून चांगलंच वाजलं. आजोबा सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, व्हेंटिलेटरवर. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, "यांना एका अभ्यासात घेऊ का?" मुलगा भडकला, "आमचा माणूस काय तुमची प्रयोगशाळा आहे?" त्याचा राग मला समजतो. तरीही माझं मत आहे की विचारलंच पाहिजे.

२०२० आठवा. पुण्यात कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी (रक्तातल्या द्रवासाठी) लोक रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांचे दरवाजे ठोठावत होते. त्याच काळात आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभरातल्या ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार. प्लाझ्माने ना मृत्यू कमी झाले, ना आजार बळावायचा थांबला. मे २०२१ मध्ये तो सरकारी मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. ही माणसं अभ्यासात आली नसती तर पुढेही किती घरांची अशीच धावपळ झाली असती!

मंडईकर
उदाहरण चुकलं. त्या चाचणीत मध्यम आजारी पेशंट होते, व्हेंटिलेटरवरचे नव्हते. आयसीयूतला माणूस स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाही, खरा प्रश्न तोच आहे.

आणि घरच्यांची संमती म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलंय. भाऊ ॲडमिट झाला त्या रात्री वहिनीच्या हातात एकामागून एक कागद: हाय रिस्कचा, रक्ताचा, डिपॉझिटचा. बाहेर बाकड्यावर बसून मांडीवरच्या पर्सवर कागद ठेवून ती सह्या करत होती. आतून नाव पुकारलं की पेन टाकून धावायची. त्यात अभ्यासाचा कागद आला असता तर त्यावरही सही झाली असती. नाही म्हटलं तर भावाकडे दुर्लक्ष होईल, हीच भीती. याला मी संमती म्हणणार नाही.

रात्रपाळी
मी आयसीयूत सिस्टर आहे. व्हेंटिलेटरवर पेशंट आला की आम्ही झोपल्या जागी टेपने डोक्यापासून टाचेपर्यंत त्याची उंची मोजतो. फुप्फुसं उंचीच्या मानाने असतात, माणूस जाड झाला म्हणून ती वाढत नाहीत. उंचीवरून वजन काढायचं आणि दर श्वासाला किलोमागे साधारण ६ मिली हवा द्यायची. पूर्वी सर्रास याहून बरीच जास्त दिली जायची. २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटच्या अभ्यासात १२ मिलीच्या गटात जवळपास ४० टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. असे पेशंट गुंगीत असतात, सही घरच्यांनाच करावी लागते. त्यांना विचारायचंच नाही असं ठरलं असतं तर हे कळलं कुठून असतं?

मंडईकर
सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण त्याच अभ्यासावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतला होता की १२ मिलीच्या गटाला तेव्हाच्या रिवाजापेक्षाही जास्त हवा दिली गेली. त्या गटातल्यांच्या घरच्यांनी काय समजून सही केली असेल?

शनिवारपेठकर
आक्षेप रास्त आहे, तुलनेचा गट कसा ठरवला हे अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीने खोदून विचारायलाच हवं. पण अभ्यासाबाहेरचा पेशंट सुरक्षित असतो हे मला पटत नाही. २००१ नंतर कित्येक आयसीयूंत इन्सुलिनने साखर अगदी काटेकोर खाली ठेवायचे, उपचार म्हणून, कुणाची वेगळी सही न घेता. २००९ साली सहा हजारांवर पेशंटच्या अभ्यासात दिसलं की त्याने मृत्यू वाढतात: २७.५ टक्के, सैल साखरेच्या गटात २४.९.

सहकारनगर
दोघांनाही एक सांगते. अभ्यासात इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, औषध चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांत तसं आहे. पेशंट शुद्धीवर आला की त्याला स्वतःला विचारायचं, आणि कधीही बाहेर पडता येतं. हे त्या मुलाला कुणी नीट सांगितलं होतं का?

मंडईकर
नसेलच सांगितलं. मग माझी अट ऐका: विचारणारा माणूस उपचार करणारा डॉक्टर नसावा. कागद मराठीत असावा, तोही मोठ्या अक्षरात. जिथे अभ्यास थांबू शकतो तिथे निदान एक रात्र विचाराला मिळावी. एवढं होत असेल तर वहिनीला मी स्वतः वाचून दाखवीन.

रात्रपाळी
सेप्सिसच्या अभ्यासाला कधीकधी पहिले काही तासच असतात, रात्रभर थांबता येत नाही. बाकीच्या दोन्ही अटी मला मान्य आहेत.