मदत हवी आहे: आजोबांची बिलियर्ड्सची क्यू नक्की कधीची?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा पुण्यातल्या एका क्लबात बिलियर्ड्सचे मार्कर, म्हणजे खेळाचे गुण मोजणारे, होते. त्यांची क्यू, म्हणजे खेळायची काठी, माळ्यावर पत्र्याच्या नळकांड्यात सापडली. दांडा ॲश लाकडाचा, मूठ काळ्या एबनी लाकडाची. ही दोन लाकडं जिथे जोडलीत तिथली टोकं गोलसर आहेत, म्हणजे काम हाताचं. यंत्राची टोकं अणकुचीदार येतात. मुठीवरच्या पिवळट चकतीवर वॉल्टर लिंड्रम आणि ४१३७ एवढंच वाचता येतं, कंपनीचं नाव पुसलंय. बिलियर्ड्सपटू लिंड्रमचा ४१३७ गुणांचा विक्रमी ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग केलेले गुण, १९३२चा, म्हणजे क्यू त्यानंतरचीच. पण महायुद्धाआधीची की नंतरची? चकती हाडाची की सेल्युलॉइडची (जुन्या प्लास्टिकची), हे तिला धक्का न लावता कसं ओळखायचं? सुतार पॉलिश करून देतो म्हणतोय, मी थांबवलंय. आजोबांचा हात जिथे असायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय, ते घासलं जायला नको. जाणकारांनी कृपया सांगावं.