मदत हवी आहे: पीसीआय एक्सप्रेस कार्ड यादीत दिसतं, पण रजिस्टर वाचलं की सगळे एफ

नमस्कार मंडळी,

आर्म प्रोसेसरच्या एका एम्बेडेड बोर्डावर लिनक्स टाकून डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड चालवायचं आहे. कार्डावर एफपीजीए (सर्किटचं डिझाइन सुरू होताना लोड करावं लागणारी चिप) आहे. डेस्कटॉपमध्ये लावलं की हेच कार्ड विनातक्रार चालतं.

बोर्डावर एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवलं की कार्ड दिसतं, व्हेंडर आयडी आणि डिव्हाइस आयडी बरोबर येतात. लिंक एका लेनवर, २.५ जीटी (गिगाट्रान्स्फर) प्रति सेकंद वेगाने जुळलेली आहे. म्हणजे वीज, १०० मेगाहर्ट्झचा रेफरन्स क्लॉक आणि रीसेट ठीक असावेत. नाहीतर कॉन्फिगरेशन स्पेससुद्धा (कार्डाची ओळख आणि सेटिंग असलेली जागा) वाचता आली नसती. बूट होताना एफपीजीए वेळेत लोड न होणं, ही अशा कार्डांची नेहमीची रड. तीही इथे नाही, कारण बस पुन्हा स्कॅन न करता कार्ड सापडतं.

घोडं पेंड खातं ते पुढे. बार म्हणजे कार्डाला मिळणारा पत्त्यांचा पट्टा, त्यातून प्रोसेसर कार्डाची रजिस्टर आणि मेमरी वाचतो. सिसएफएसमधली (कर्नल उपकरणं फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) बार ० ची रिसोर्स फाइल एममॅप करून, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीत जोडून, पहिलं रजिस्टर वाचलं, की ३२ च्या ३२ बिट १ येतात, म्हणजे हेक्समध्ये सगळे एफ. तिथे कार्डाचा आवृत्ती क्रमांक यायला हवा. लिहिलेलंही टिकत नाही. ड्रायव्हर तर डिव्हाइस एनेबल करतानाच एरर देऊन बाहेर पडतो.

कर्नल लॉगमध्ये बार ० ला (६४ केबी) पत्ता मिळालेला दिसतो. बार २ मात्र २५६ एमबीचा आहे आणि त्याच्यापुढे 'नो स्पेस', मग 'फेल्ड टू असाइन'. डिव्हाइस ट्रीमधल्या (कर्नलला बोर्डाचं हार्डवेअर सांगणारी फाइल) पीसीआयई, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, नोडच्या रेंजेसमध्ये कार्डांसाठी राखलेली मेमरीची खिडकी १२८ एमबीचीच आहे. रीअलॉकचा (बारना पत्ते नव्याने वाटायचा) बूट पर्याय देऊन पाहिला, फरक नाही. खिडकीच लहान असेल तर कर्नल तरी जागा कुठून आणणार!

पण मला सध्या बार ० पुरेसा आहे. बार २ मुळे तो का अडावा? आणि रेंजेसमधला आकार नुसता वाढवला तर चालेल का? हे कार्ड या बोर्डावर चालणं आमच्या कामासाठी फार गरजेचं आहे.

प्रतिसाद

डिव्हाइस एनेबल करताना कर्नल त्याचे सगळे मेमरी बार तपासतो. एकालाही पत्ता नसेल तर तो माघार घेतो आणि कमांड रजिस्टरमधला मेमरी स्पेसचा बिट, म्हणजे बिट १, शून्यच राहतो. तो बंद असताना कार्ड कुठलाच मेमरी रीड स्वीकारत नाही, म्हणून तुम्हाला सगळे १ दिसतात. हा बिट प्रत्येक बारसाठी वेगळा नसतो, सगळ्यांना मिळून एकच असतो. तो लावला की पत्ता न मिळालेला बार २ सुद्धा जागा होतो आणि भलत्याच पत्त्याला उत्तर देऊ शकतो, म्हणून कर्नलचा हा हट्ट योग्यच आहे.

खात्रीसाठी सेटपीसीआयने (कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये लिहिणारी आज्ञा) तो बिट हाताने लावा, रूट पोर्टचाही (बोर्डाच्या बाजूचा पीसीआयई पोर्ट) लागलेला आहे ना ते पाहा आणि बार ० वाचा. हे फक्त तपासणीपुरतं, कायमचा उपाय म्हणून नको.

रेंजेस अंदाजाने वाढवू नका. एसओसीच्या (बोर्डावरची प्रोसेसर असलेली मुख्य चिप) मॅन्युअलमधल्या मेमरी मॅपमध्ये पीसीआयईला किती पट्टा दिलाय ते आधी बघा. त्याबाहेर गेलात तर दुसऱ्याच पेरिफेरलच्या पत्त्यांवर जाल. शिवाय २५६ एमबीचा बार २५६ एमबीच्या पटीतल्या पत्त्यावरच बसतो आणि बार ० ला वेगळी जागा लागते, त्यामुळे नेमकी २५६ एमबीची खिडकीही पुरणार नाही. बार २ जर ६४ बिटचा, प्रीफेचेबल (आधीच वाचून ठेवलं तरी चालणारा) असेल आणि एसओसीला ४ जीबीच्या वर खिडकी असेल, तर तिथे बसवता येईल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! बिट लावल्यावर आवृत्ती क्रमांक अचूक आला. मॅन्युअलप्रमाणे पीसीआयईचा पूर्ण पट्टाच २५६ एमबीचा आहे, त्यातूनच कॉन्फिगरेशन आणि आयओची जागा जाते. बार २ ३२ बिटचा आहे, म्हणजे ४ जीबीच्या वरचा मार्गही बंद. एफपीजीएचं डिझाइन आमच्याकडेच आहे, तेव्हा बार २ ६४ एमबीचा करून, पेज रजिस्टरने (कोणता भाग दिसावा ते ठरवणारं रजिस्टर) कार्डावरची मेमरी चार भागांत वाचायचा विचार आहे. दोन थ्रेड एकाच वेळी वाचत असतील तर पेज बदलताना लॉक ड्रायव्हरमध्ये ठेवावा की प्रत्येक थ्रेडला वेगळी खिडकी द्यावी? कोणी असं केलं असेल तर जरूर सांगा.