मुंबईच्या दमट हवेत रेटिनॉल चालतं का?

प्रश्न, दादर: वय ४२. डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या. रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा त्वचेला लावायचा प्रकार), व्हिटॅमिन सीचा खरंच उपयोग होतो?

उत्तर, मुलुंड: रेटिनॉलचा होतो, पण सावकाश, किमान १२ आठवडे द्या. ०.३ टक्क्यांपासून सुरुवात करा, आठवड्यातून दोनच रात्री, वाटाण्याएवढं. चेहरा पूर्ण कोरडा हवा. ओल्या त्वचेत ते जास्त मुरतं, मग आग होते, सालं निघतात. पापण्या आणि नाकाच्या कडा सोडा. गरोदरपणात अजिबात नको!

उत्तर, बोरिवली: व्हिटॅमिन सी सीरम तपकिरी झालं की टाकून द्या. या उकाड्यात बाथरूममध्ये ठेवलंत तर लवकर बिघडतं, फ्रिजमध्ये ठेवा.

उत्तर, गिरगाव: या सगळ्यापेक्षा सनस्क्रीन महत्त्वाचं. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा-मानेला दोन बोटं भरून. लोकलच्या घामात निघून जातं, म्हणून दुपारी पुन्हा लावा.