फाडू स्फेरॉइडवर (पेशींच्या गोळ्यांवर) सिस्प्लॅटिन (कॅन्सरचं औषध) चालेना. रेझिस्टन्स (पेशी औषधाला दाद देत नाहीत) म्हणून लिहायचं का?

विदर्भ_लॅब, नागपूर
फाडू पेशी (घशाच्या कॅन्सरच्या), ९६ वेलची (कप्प्यांची) प्लेट, अगारोजचा (जेलचा) थर, वेलला १००० पेशी. चौथ्या दिवशी गोळे सुमारे ४०० मायक्रॉनचे. मग सिस्प्लॅटिन ७२ तास. टू-डीत (सपाट थरात वाढवलेल्या पेशींत) ५ मायक्रोमोलरला निम्म्या पेशी मरतात, इथे ५० लाही एमटीटीचा (जिवंत पेशी रंगावरून मोजायच्या चाचणीचा) आकडा कंट्रोलएवढाच. स्टॉक (औषधाचं मूळ दाट द्रावण) १० मिलिमोलर, डीएमएसओ या द्रावकात, उणे २० ला ठेवलेला. काठाच्या वेलचे आकडे तर कुठल्या कुठे जातात.

प्लॅटिनम
इतक्यात लिहू नका, आधी तो स्टॉक फेका. डीएमएसओतलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं, क्लोराइड सुटतं, आणि बाटलीत उरतं ते सिस्प्लॅटिन नसतंच. टू-डीच्या वेळी स्टॉक ताजा होता का ते वहीत बघा.
पावडर ०.९ टक्के सलाइनमध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिमोलर. लवकर विरघळत नाही, ३७ अंशाच्या पाण्यात धरून हलवत राहा. साध्या पाण्यात नको, क्लोराइड लागतंच. फ्रिजमध्ये खडे पडतात, म्हणून अंधारात, खोलीच्या तापमानाला. (मे महिन्यात आपल्याकडे याचा अर्थ एसीची खोली.) कंट्रोललाही तेवढंच सलाइन घाला.

गोळाबेरीज
एमटीटीवरही माझा भरवसा नाही. रंग गाभ्यापर्यंत जात नाही, तयार झालेला फॉर्माझान (त्याचे रंगीत खडे) पुरता विरघळत नाही. एटीपीची (जिवंत पेशींतला ऊर्जेचा रेणू मोजणारी) थ्री-डी किट वापरा, पाच मिनिटं जोरात हलवून. स्वस्तात हवं तर ॲसिड फॉस्फटेज (पेशींतल्या एन्झाइमची चाचणी): पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुऊन १०० मायक्रोलिटर ठेवा, तेवढंच सब्स्ट्रेट (०.१ मोलर सायट्रेट बफर, ०.१ टक्का ट्रायटन, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम पीएनपीपी, म्हणजे एन्झाइमने रंग देणारं रसायन), ३७ अंशाला ९० मिनिटं, मग १० मायक्रोलिटर १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ४०५ नॅनोमीटरवर वाचन. धुणं टाळलं तर सीरममधलं फॉस्फटेज आकडा फुगवतं. टू-डीलाही हीच पद्धत लावा, नाहीतर तुलना फोल.

प्लॅटिनम
काठाच्या ३६ वेलमध्ये फक्त पीबीएस, प्रयोग आतल्या ६० मध्ये. आणि कल्चर रूममध्ये कुलर नकोच भाऊ, ओल्या हवेबरोबर बुरशी येते. एसी बंद पडला तर इनक्युबेटरही ३७ च्या वर सरकतो. तो तापवतो, थंड करत नाही.

विदर्भ_लॅब
औषध घालताना गोळेच पिपेटमध्ये येतात. आणि हे सगळं करूनही फरक राहिला तर?

गोळाबेरीज
टिप वेलच्या भिंतीला टेकवून वरचे १०० मायक्रोलिटर हळू काढा, दुप्पट तीव्रतेचं औषध १०० घाला. अगारोज १.५ टक्के, वेलला ५० मायक्रोलिटर, गरम असतानाच. निवल्यावर ओतलं तर वाटीसारखा खळगा होत नाही, एका वेलमध्ये तीन-तीन गोळे बनतात.
फरक थोडा राहीलच. ऑक्सिजन १५०-२०० मायक्रॉनच्या पुढे पोचत नाही, आतल्या पेशी विभाजन थांबवून बसतात आणि सिस्प्लॅटिनला कमी दाद देतात. म्हणून औषध काढून आणखी आठवडाभर व्यास मोजा, गोळा पुन्हा वाढतो का ते कळेल. ४०० चे आणि २०० चे गोळे शेजारी ठेवून बघितलंत तर रेझिस्टन्स पेशींचा की आकाराचा, हेही सुटेल.