बाइक गरम होतेय? आधी रेडिएटर बघा
काही जण म्हणतात की केटीएमची ड्यूक ३९० बाइक ट्रॅफिकमध्ये तापते म्हणजे इंजिनच भरवशाचं नाही, ते मला पटत नाही. सिंगल सिलिंडर आहे (जुन्या मॉडेलला ३७३ सीसीचं), पायाला गरम हवा लागणारच. पण मीटरवरचे टेंपरेचरचे बार रोजच वर चढत असतील तर रेडिएटर (इंजिन थंड ठेवणारी जाळी) बघा ना, नेकेड बाइकला, म्हणजे बाहेरून झाकण नसलेल्या बाइकला, तो पुढच्या चाकामागे उघडाच असतो, पावसाळ्यात सगळा चिखल थेट जाळीत. माझा ताम्हिणीच्या दोन ट्रिपनंतर अर्धा बुजला होता, मऊ ब्रश आणि साध्या पाइपाने धुतला (प्रेशर वॉशर अजिबात नको, बारीक पात्या वाकतात) आणि बार खाली आले.

आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी झालं म्हणून नळाचं पाणी टाकू नका, आत क्षार बसतात. गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप तर उघडूच नका, माझ्या भावाचा हात भाजलाय त्यात.