कपाशीच्या शेजारी परसबागेत टमाटर: कोणतं वाण लावावं?

सांदवाडी_हिंगणघाट
घरामागे दहा बाय बारा फुटांची सांदवाडी आहे. भारी काळी माती, विहिरीचं पाणी, आणि कुंपणापलीकडे लगेच कपाशीचं वावर. दसऱ्याच्या सुमारास रोपं लावायची आहेत. सहा माणसांच्या रोजच्या भाजीला पुरेल, चटणीला आंबट लागेल असं टमाटर हवं. बी घरीच धरता आलं तर उत्तम. पुसा रुबी, अर्का विकास की अर्का रक्षक? मागच्या हंगामात पानं आकसून झाडं खुरटली होती.

काळीमाती
ताई, शेजारी कपाशी आहे म्हणजे चवीआधी लीफ कर्लचा, म्हणजे पानं आकसवणाऱ्या व्हायरसचा विचार करा. हा व्हायरस पांढरी माशी पसरवते. कपाशीचा पाला जून होऊन सुकायला लागला की माशी कोवळ्या टमाटरावर येते. लागवडीनंतर पहिल्या महिन्यात रोग लागला तर झाडाला फळ जवळजवळ धरतच नाही. फळं धरल्यावर लागला तर बरंच पदरात पडतं.

अर्का रक्षक हे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं हायब्रीड. लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना तोंड देतं. फळ घट्ट, ९० ते १०० ग्रॅमचं, तोडल्यावर टिकतं. पण त्याचं बी धरू नका, पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. पुसा रुबी सरळ वाण आहे, म्हणजे त्याचं बी घरी धरता येतं. फळ चपटं, किंचित खाचांचं, पातळ सालीचं, आणि चटणीला लागतो तो आंबटपणा त्यात आहे. लीफ कर्लपुढे मात्र ते टिकत नाही. अर्का विकासही सरळ वाण, फळ ८० ते ९० ग्रॅमचं. पाण्याची ओढ सोसतं, म्हणून कोरडवाहूला चांगलं. तुमच्याकडे विहीर आहे, तेव्हा ते यंदा राहू द्या.

माझं मत: बारा झाडं रक्षकची, आठ रुबीची. ६० × ४५ सेंमी अंतरावर एवढी आरामात बसतात. रोपं २५ ते ३० दिवसांची होईपर्यंत वाफ्यावर ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी ठेवा, कडा मातीत दाबा. एवढं एक केलं तरी निम्मी लढाई जिंकली. डिसेंबरनंतर नवी लागवड नको. मार्चअखेर पारा ३८ च्या वर गेला की परागकण निकामी होऊन फुलं गळतात, मग वाण कोणतंही असो.

वावर_आणि_वाडी
वाणाबरोबर मातीही पाहा. भारी काळ्या मातीत सपाट लावलं तर मुळं गुदमरतात. १५ ते २० सेंमी उंच गादीवाफा करा, चौरस मीटरला चार-पाच किलो चांगलं कुजलेलं शेणखत घाला. युरिया सैल हातानं टाकला की नुसता पाला माजतो.

फळाच्या बुडाला काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग आला की लोक चुना टाकायला धावतात. आपल्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर आहे. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम पाट सोडला की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि डाग पडतो. रुबीची पातळ साल तर त्यानंच तडकते. दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं पाणी द्या, बुडाशी दोन-तीन इंच सोयाबीनचं कुटार अंथरा.

आधाराला तुराट्या चालतात, पण फळांच्या भारानं वाकतात, तीन-तीन एकत्र बांधा. पहिल्या फुलोऱ्याखालचे फुटवे काढा. रक्षक मध्यम वाढीचं आहे, त्याचे वरचे फुटवे ठेवा, फळं त्यांवरच येतात. आणि खर्रा घोटलेल्या हातानं झाडाला शिवू नका. तंबाखूतून मोझॅक व्हायरस येऊ शकतो. आधी साबणानं हात धुवा.

सांदवाडी_हिंगणघाट
रुबी आणि रक्षक शेजारी लावले तर रुबीच्या बियात भेसळ होईल का? आणि अळीचं काय?

काळीमाती
टमाटराचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, भेसळ अगदी कमी. तरी रुबी एका कडेला लावा. निरोगी झाडाचं, दुसऱ्या-तिसऱ्या घोसाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबू द्या, धुवा, बुडालेलं बी सावलीत वाळवा.

अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. झेंडू सापळा म्हणून लावा, पण वय जुळवा: टमाटराचं रोप २५ दिवसांचं तर झेंडूचं ४० दिवसांचं हवं, तेव्हाच दोन्ही एकदम फुलतात. लिटरला ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. भोक पडलेली फळं रोज तोडून खोल पुरा.

एखादं झाड हिरवंच असताना अचानक मलूल झालं तर खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभं धरा. दुधाळ धागा उतरला तर जिवाणूजन्य मर. ते मुळासकट उपटा आणि त्या जागी पुढं वांगी, मिरची लावू नका.

रक्षकचं बी संस्थेच्या ऑनलाइन बियाणे पोर्टलवर मिळतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारा.