६५ वॅटचा चार्जर असूनही मोबाइल सावकाश का चार्ज होतो?

प्रश्न :
माझ्या मोबाइलचा मूळ ६७ वॅटचा चार्जर बंद पडल्याने मी दुसऱ्या कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर घेतला. परंतु पूर्वी पाऊण तासात भरणारी बॅटरी आता दीड तासाहून अधिक वेळ घेते. जुन्यावर ‘११ व्होल्ट, ६.१ अँपिअर’ आणि नव्यावर ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ असे छापले आहे. नवा चार्जर सदोष आहे का?

उत्तर १ :
बहुधा नाही. आपण लेबल वाचलेत हे फार बरे केलेत, कारण उत्तर तिथेच आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दोन्ही गुणाकार जवळपास सारखे येतात, पण २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर ही जोडी मुख्यतः लॅपटॉपसाठी असते. मोबाइल आणि चार्जर आधी आपसांत बोलणी करतात आणि दोघांना मान्य असलेल्या जोडीवरच वीज वाहते. मोबाइल कंपनीची जलद चार्जिंगची खास पद्धत नव्या चार्जरला येत नसल्यास ते ९ व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे २७ वॅटवर, किंवा त्याहूनही खाली, तडजोड करतात.

उत्तर २ :
केबलही पाहावी. सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना यूएसबी-सी पिन असलेल्या, साध्या केबलमधून ३ अँपिअरच मिळतात. ५ अँपिअरसाठी तिच्यात ओळख पटवणारी चिप लागते.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. ८० टक्क्यांनंतर वेग आणखी मंदावतो, तो याचमुळे का?

उत्तर १ :
नाही, ते मोबाइल जाणूनबुजून करतो. भरत आलेल्या बॅटरीत जोराने वीज ढकलल्यास ती तापते आणि लवकर झिजते.